भुणभुण

माणूस करतो ती गुणगुण आणि भुंगा करतो ती भुणभुण. वर्गात हा फरक सांगताना मी मुलांना मशिदीच्या भोंग्याचं उदाहरण देतो. अजानच्या आधी अ‍ॅम्प्लिफायर चालू होतो, 'खट्' असा आवाज येतो आणि बांगी साहेबांनी घसा साफ करण्याआधीच्या त्या दोनतीन सेकंदांत जे ऐकू येतं ती भुणभुण. लग्नाच्या मांडवात, शाळेच्या स्नेहसंमेलनात, गणपतीच्या मंडपात, सगळीकडे ती तीच असते. सूरसुद्धा तोच. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 वेळा मागेपुढे होते, त्यामुळे ही भुणभुण 50 किंवा 100 हर्ट्‌झवर बसते. पेटीवर शोधायचं झालं तर पांढरी पाचच्या किंचित वर. अमेरिकेत वीज 60 हर्ट्‌झची, म्हणून तिथल्या भोंग्याची पट्टी वेगळी.

मांडवात ती चालून जाते. रेकॉर्डिंगच्या खोलीत चालत नाही. आणि आवाज जितका हळू, तितकी ती जास्त छळते. माइकमधून येणारा सिग्नल एखाद्या मिलिव्होल्टचा, कधी त्याहून कमी. तो हजार पटीनं वाढवला की शेजारून घुसलेली वीजही हजार पटीनं वाढते. खणखणीत गळ्याच्या कव्वालाला एवढं वाढवावं लागत नाही. नव्वदीच्या घरातल्या बाईला लागतं.

ही बाई म्हणजे माझी नानी. माहेर विजापूरकडचं, सासर सोलापूर. तिच्या डोक्यात जात्यावरची गाणी आहेत, दोन भाषांतली. दख्खनीतली माहेरून आणलेली आणि मराठी ओव्या इथल्या शेजारणींबरोबर दळताना उचललेल्या. कुठली कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते हे तिलाही सांगता येत नाही. दख्खनच्या सूफींनी दळणाऱ्या बायकांसाठी चक्कीनामे रचले, सूत कातणाऱ्यांसाठी चरखानामे रचले, हे आम्ही बी.ए.ला नोट्समध्ये वाचलं होतं. नानीकडे ते नोट्समधलं नाही, तोंडातलं आहे. आणि ते रोज थोडं कमी होतंय. गेल्या वर्षी जे गाणं ती पूर्ण म्हणायची, त्याच्या मधल्या दोन कडव्यांशी येऊन आता थांबते, माझ्याकडे बघते आणि म्हणते, "आगे का तू बोल."

मला पुढचं येत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यातल्या कितीतरी आवाजासकट जपल्या. तेवढं काम माझ्या हातून व्हायचं नाही. पण एका म्हातारीचं नीट रेकॉर्डिंग व्हायला हरकत नव्हती. फोनवर केलेलं होतंच, पण त्यात पंखा, कुकरची शिट्टी आणि माझ्या धाकट्याचा खोकला नानीपेक्षा जास्त होता.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं यंत्रमागांच्या वस्तीत, वरच्या मजल्यावर दोन खोल्यांचा स्टुडिओ टाकलाय. नात, कव्वाली, लग्नाची गाणी, निवडणुकीच्या रिक्षांवरची घोषणा, काय पडेल ते काम. भिंतींना रजया आणि सोलापुरी चादरी ठोकलेल्या. मांडववाल्याकडून घेतलेला जुना मिक्सर, त्यातून साध्या लाल-पांढऱ्या आरसीए वायरीनं आवाज कॉम्प्युटरमध्ये. जुन्या कॅसेट उतरवायला एक डेक, एक कीबोर्ड. नानीला खुर्चीत बसवून खाली दोघांनी उचलून वर नेलं. तिनं एक गाणं म्हटलं, आम्ही हेडफोन तिच्या कानाला लावला. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "मेरे पीछे कोन गुनगुनारा रे?"

आता हा कोण, ते शोधायला आम्हाला तीन महिने लागले. जे समजलं ते लिहून ठेवतो, कारण छोटे स्टुडिओ हल्ली गल्लोगल्ली आहेत आणि यावर मराठीत फारसं सापडत नाही.

पहिला सल्ला आला वायरमनचा. "सर, अर्थ काढून टाका. आवाज जातो." मराठीच्या मास्तराला हे वाक्य कसं पचणार! त्यानं कॉम्प्युटरच्या थ्री-पिनची जाड पिन मोकळी करून दाखवलीही आणि खरंच, भुणभुण जवळजवळ गेली. माझा विद्यार्थी खूश. मी ती पिन पुन्हा लावायला लावली.

कारण सांगतो. मिक्सर अर्थला जोडलेला, कॉम्प्युटरही अर्थला जोडलेला, पण दोन वेगळ्या भिंतींवरच्या दोन वेगळ्या बोर्डांतून. शिवाय दोघांना जोडणारी आरसीए वायर, तिच्या बाहेरची जाळीही अर्थच. म्हणजे अर्थचं एक मोठं वेटोळं तयार झालं. दोन बोर्डांच्या अर्थमध्ये जरा जरी फरक असला तरी त्या वेटोळ्यात प्रवाह फिरतो, आणि तो नेमका त्याच जाळीतून जातो जिच्या भरवशावर आतला आवाज उभा आहे. कुठेतरी वेटोळं तोडलं की भुणभुण थांबते. पण अर्थची पिन तोडून ते तोडणं म्हणजे उंदरासाठी भिंत पाडण्यासारखं आहे. ती पिन भुणभुणीसाठी दिलेलीच नाही. उद्या आत कुठे फेजची वायर सुटून पत्र्याला टेकली तर तो करंट जमिनीत जावा, फ्यूज उडावा, माणसाच्या हातातून जाऊ नये, यासाठी ती आहे. अर्थ काढला की मिक्सरचा पत्रा, माइकची जाळी, माइकचा लोखंडी स्टँड, सगळं एका सुटलेल्या वायरीच्या अंतरावर येतं.

1972 साली ब्रिटनमध्ये स्वॉन्झी इथे लेस हार्वी नावाचा गिटारवादक स्टेजवर असाच गेला, अर्थ नसलेल्या माइकला हात लावून. लोकांसमोर. आणि आमची नानी तर वजू करून, ओल्या हातांनी स्टँड धरूनच बसते. आपल्या मशिदींमध्येही माइकला लागणारा हात बहुतेक वेळा ओलाच असतो, हे वाचणाऱ्यांनी एकदा डोळ्यांसमोर आणावं. पावसाळी मंडपात गाणाऱ्यांचंही तेच.

उर्दूचा मास्तर म्हणून जाता जाता एक. उर्दू शायरीत गझलेची बहर, काफिया आणि रदीफ मिळून जे ठरतं त्याला 'ज़मीन' म्हणतात. ज़मीन एकदा ठरली की सगळे शेर तिच्यावरच उभे राहतात. मुशायऱ्यात ज़मीन सोडणाऱ्याला लोक हसतात तरी. इथे हसण्यावर भागत नाही.

मग आम्ही स्वस्तातलं आधी केलं. सगळी यंत्रं एकाच भिंतीवरच्या एकाच बोर्डावर आणली. अर्थच्या दोन टोकांतला फरक गेला, निम्मी भुणभुण तिथेच गेली. ट्यूबलाइटचा जुना चोक काढला. मिक्सरचा विजेचा अडॅप्टर माइकच्या वायरीला चिकटून पडला होता, तो हातभर लांब सरकवला. मिक्सर ते कॉम्प्युटर या वायरीत आवाजासाठीचा छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मिळतो, तोही घातला. इथवरचा खर्च एका जेवणावळीपेक्षा कमी. ज्यांचं काम एवढ्यात भागतं त्यांनी पुढचं वाचून खिशाला हात घालू नये.

याच दरम्यान दुसरा वायरमन आणला. वयस्कर, बोलणं कमी. त्यानं फेज आणि अर्थच्या मध्ये बल्ब लावला, तर तो मिणमिणला. नीट अर्थ असता तर बल्ब पुरता पेटला असता. (हा प्रयोग घरी करू नका. अर्थ खराब असेल तर तेवढा वेळ सगळ्या पत्र्यांना करंट येतो.) खाली उतरून पाहिलं, तर इमारतीचा अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत. कोळसा आणि मीठ घालून केलेला खड्डा पाण्याशिवाय काम करत नाही, आणि सोलापूरच्या मे महिन्यात कोण आठवणीनं खड्ड्याला पाणी घालतो? खड्डा नव्यानं केला, पाइप नवा टाकला, दर आठवड्याला दोन बादल्या पाणी ठरलं.

तरीही नानीच्या आवाजाला लागेल एवढं वाढवलं की मागे एक बारीक झरझर राहिलीच. आजूबाजूचे माग चालू असले की जास्त, बंद असले की कमी. माग बंद असतील त्या दिवशी रेकॉर्ड करावं, हा सोपा उपाय. पण नानीची आठवण मागांची सुट्टी बघून येत नाही.

इथे बॅलन्स्ड पॉवर नावाची गोष्ट येते. नाव अवघड आहे, कल्पना साधी आहे.

आपल्या बोर्डात दोन वायरी येतात, फेज आणि न्यूट्रल. न्यूट्रल डीपीपाशी जमिनीला जोडलेली असते, त्यामुळे ती शून्याच्या आसपास. फेज एकटी 230 व्होल्टनं वरखाली होते. म्हणजे तराजूचं एक पारडं जमिनीला बांधलेलं आणि दुसरं एकटंच झुलतंय. आता कॉम्प्युटरसारख्या यंत्राच्या आत, वीज शिरते तिथे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून पत्र्याला, एक न्यूट्रलपासून पत्र्याला. बाहेरची घाण गाळायला ते हवेतच. पण फेजकडच्या कपॅसिटरमधून सतत थोडा करंट झिरपून पत्र्यावर आणि तिथून अर्थमध्ये जातो. न्यूट्रलकडून काहीच येत नाही, कारण तिथे दाबच नाही. अर्थ नसलेल्या बोर्डावर कॉम्प्युटरच्या पत्र्याला किंवा धातूच्या लॅपटॉपला हात लावल्यावर ज्या झिणझिण्या येतात, त्या याच. करंट एका मिलिअँपियरहूनही कमी असतो. मारत नाही, पण यंत्रं एकमेकांना जोडली की तो आवाजाच्या वायरींच्या जाळीतूनही वाट काढतो, आणि ऐकू येतो.

बॅलन्स्ड पॉवरमध्ये एक ट्रान्सफॉर्मर बसवायचा. आत 230, बाहेरही 230. पण बाहेरच्या वेटोळ्याच्या बरोबर मध्यातून एक वायर काढून ती अर्थला जोडायची. आता दोन्ही वायरी जमिनीपासून 115 व्होल्टवर. एक वर जाते तेव्हा दुसरी तितकीच खाली. यंत्राला काही फरक पडत नाही, त्याला दोन वायरींमधले 230 मिळतात. पण त्या दोन कपॅसिटरमधून आता उलट दिशांनी जवळजवळ सारखा करंट येतो आणि पत्र्यापाशी एकमेकांना खोडून टाकतो. अर्थमध्ये जायला फारसं काही उरतच नाही. माइकच्या तीन पिनी वायरीतही हीच युक्ती आहे. दोन तारा उलट-सुलट आवाज नेतात, वाटेत घुसलेली भुणभुण दोघींवर सारखी बसते आणि शेवटी वजाबाकीत निघून जाते. तिथे ती आवाजाला लावलेली, इथे विजेला.

अमेरिकेत घरगुती वीज 120 व्होल्टची, म्हणून तिथे 60-0-60 करतात. त्यांच्या राष्ट्रीय वीज-संहितेत 647 क्रमांकाचं कलम यासाठीच आहे. पण त्यात ही व्यवस्था फक्त व्यापारी आणि औद्योगिक जागांत, जाणकार माणसाच्या देखरेखीखाली करावी असं घातलंय, घरांत नाही. का, ते पुढे येईल.

मी कागदावर आकृती काढली आणि आम्ही दोघं मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात गेलो. यंत्रमागांच्या गावात रिवाइंडिंगवाल्यांना तोटा नाही. हा पद्मशाली, घरात तेलुगू, दुकानात मराठी, माझ्याशी हिंदी. "स्टॅबिलायझरचा का इन्व्हर्टरचा?" त्यानं विचारलं. दोन्हींचा नाही म्हटल्यावर त्यानं चष्मा लावला. आकृती बघून म्हणाला, "म्हणजे सेंटर टॅप. पण 230 ला 230 करून फायदा काय?" त्याला नानीची गोष्ट सांगितली. त्याची आईही दळताना गायची, तेलुगूत. त्यानं ते कधी कुठे उतरवलं नाही असं म्हणाला आणि पुन्हा आकृतीकडे बघायला लागला.

तीन गोष्टी त्याला निक्षून सांगितल्या. दुय्यम वेटोळ्याचे दोन अर्धे बरोबरीनं, दोन तारा हातात हात घालून गुंडाळायचे, म्हणजे ते सारखे होतील. दोन वेटोळ्यांच्या मध्ये तांब्याच्या पत्र्याचा एक पडदा घालून तो अर्थला जोडायचा. आणि ताकद एक केव्हीए. आमची सगळी यंत्रं मिळून पाचशे वॅटचीही नाहीत, पण निवांत चालणारा ट्रान्सफॉर्मर गरम कमी होतो. एसी यावर लावायचा नाही हे माझ्या विद्यार्थ्याला मी तीनदा सांगितलं.

आठवड्यानं तयार झाला. पितळी विटेसारखा जड. आणि इथे तो धोका, जो अमेरिकन कलमाच्या मागे आहे. आपल्या घरात बटण फक्त फेज तोडतं. बॅलन्स्ड पॉवरमध्ये न्यूट्रल असं काही उरतच नाही, दोन्ही वायरी जिवंत. एकेरी बटण बंद केलं तरी दुसऱ्या वायरीवर 115 व्होल्ट उभे असतात, आणि बटण बंद आहे या भरवशावर हात घालणाऱ्याला ते कळत नाही. म्हणून ट्रान्सफॉर्मरच्या पुढे दोन्ही वायरी एकदम तोडणारा डबल पोल एमसीबी, 30 मिलिअँपियरची आरसीसीबी आणि डबल पोल बटणांचेच सॉकेट. मधली वायर अर्थला जोडायची ती आरसीसीबीच्या आधी, ट्रान्सफॉर्मरपाशी, एकदाच. हे काम त्या वयस्कर वायरमनकडूनच करून घेतलं. सॉकेटवर लाल रंगात 'दोन्ही वायर चालू' असं मराठीत आणि उर्दूत मी स्वतः लिहिलं. अक्षर चांगलं आहे माझं.

फरक पडला का? पडला. किती, हे प्रामाणिकपणे सांगायचं तर सगळं एका बोर्डावर आणल्यानं आणि अर्थिंग नीट केल्यानं जेवढा पडला त्यापेक्षा कमी. इंटरनेटवर या ट्रान्सफॉर्मरबद्दल चमत्काराच्या गोष्टी वाचायला मिळतात. मला वाटतं, त्यातल्या निम्म्या चमत्कारांचं श्रेय सगळी यंत्रं एकाच ठिकाणी जोडली गेली याला असावं. कपॅसिटर कधी तंतोतंत सारखे नसतात, म्हणून खोडाखोडीही पूर्ण होत नाही. चुंबकानं थेट वायरीत घुसलेल्या भुणभुणीवर तर या ट्रान्सफॉर्मरचा काही इलाज नाही. पण ती जी झरझर उरली होती, माग चालू असताना वाढणारी, ती खाली बसली. हेडफोन कानाला दाबून धरला तर ऐकू येते, नाहीतर नाही.

कोणी म्हणेल, एवढा उपद्व्याप कशाला, कॉम्प्युटरवर भुणभुण पुसता येते. येते. 50, 100, 150, 200 अशा ठिकाणी बारीक चिमटा लावायचा. पण नानीचा गळा 200 हर्ट्‌झच्या आसपासच फिरतो. भुणभुणीबरोबर तिच्या आवाजातला खालचा भाग जातो आणि ती पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखी ऐकू येते. करून पाहिलं होतं. माझ्या अम्मीनं ते ऐकून विचारलं, "ये कौन है?"

एक गंमत राहिली. भुणभुण घालवणारा हा ट्रान्सफॉर्मर स्वतः भुणभुणतो. वायरीत नाही, अंगानं. त्याचे पत्रे विजेबरोबर थरथरतात, पांढरी पाचच्या किंचित वर. म्हणून तो स्टुडिओबाहेर, जिन्याच्या वळणावर लाकडी पेटीत ठेवलाय, खाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घालून. पेटीला जाळी आणि कुलूप आहे.

नानीची आजवर एकोणीस गाणी झाली. चार अर्धी आहेत.

मोहल्ल्यातल्या मशिदीचा अ‍ॅम्प्लिफायर मी त्यानंतर मागे जाऊन पाहिला. त्याची थ्री-पिन होती, पण जाड पिन कधीतरी कोणीतरी कापून टाकलेली. मुतवल्ली साहेबांना सांगितलं, त्यांनी दुसऱ्याच दिवशी त्याच वयस्कर वायरमनला बोलावलं. नवा खड्डा मागच्या भिंतीपलीकडे, लोकांचा पाय पडणार नाही अशा जागी घेतला. वजूखान्याचं वाहून जाणारं पाणी एका पाइपनं तिकडे वळवलंय. दिवसातून पाच वेळा पाणी मिळतं त्याला, कोणी आठवण ठेवायची गरज नाही.